खलनायकांचा मुलूख: भीतीची दोरी कुणाच्या हातात?

ऑगस्ट 2024मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरात डिस्नेच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. तिथे जाहीर झालेल्या योजनांमध्ये एक योजना अशी होती, की जिची मागणी चाहते कित्येक वर्षं करत होते. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये फक्त खलनायकांसाठी एक स्वतंत्र विभाग उभा राहणार आहे. जागा बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरच्या पलीकडची. दोन मोठ्या राईड, खाण्यापिण्याची ठिकाणं, दुकानं. 1971 साली सुरू झालेल्या या पार्कच्या मधोमध सिंड्रेलाचा राजवाडा आहे, आणि आजवर इथली सगळी मांडणी नायक-नायिकांच्या बाजूने झालेली आहे. आता गोष्टीतल्या दुसऱ्या पक्षाला स्वतःचा मुलूख मिळेल.

अशा जागेचा आराखडा करणाऱ्यांसमोर एक अवघड पेच असतो. त्याच फाटकातून चार वर्षांची मुलगी आत येणार, तिचा बारा वर्षांचा भाऊ येणार, आणि त्या दोघांची चाळिशीतली आईही येणार. चेटकीण खरी वाटली तर धाकटी रडेल, खोटी वाटली तर थोरला जांभई देईल, आणि आईला या दोन्हींपेक्षा वेगळंच काही हवं असेल. हा पेच सोडवायचा म्हणजे भीती किती ठेवायची, एवढं ठरवलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. गेल्या सत्तर वर्षांतली उदाहरणं पाहिली तर माझं मत वेगळं बनतं. भीती किती आहे, यापेक्षा तिची दोरी कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं.

सुरुवात पहिल्याच दिवसापासून करावी लागेल. 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्यात स्नो व्हाइटची एक छोटी अंधारी राईड होती. गाडीत बसायचं आणि जंगलातून, खाणीतून, राणीच्या वाड्यातून फिरून यायचं. कल्पना धाडसी होती. गाडीत बसलेलं मूल हीच स्नो व्हाइट, म्हणून आत स्नो व्हाइटची बाहुली नव्हतीच. पण लोकांच्या ते ध्यानात येईना. नायिका कुठे आहे, असं ते विचारत. मुलांच्या बाबतीत तर वेगळंच घडलं. त्यांना नायिका दिसली नाही, दिसली ती वळणावळणावर समोर येणारी चेटकीण. फ्लोरिडाची 1971ची आवृत्ती अधिकच भेदक होती. 1983मध्ये डिस्नेलँडच्या राईडच्या नावातच ती भीतिदायक असल्याचा उल्लेख घालण्यात आला आणि स्नो व्हाइटही आत आली. फ्लोरिडात हा बदल 1994मध्ये झाला. तिथली राईड 2012मध्ये बंद पडली. डिस्नेलँडची राईड 2021मध्ये नव्या नावाने आणि पुष्कळ सौम्य होऊन पुन्हा उघडली.

या साऱ्याचा सरळ अर्थ चेटकीण फार भयंकर होती असा लावला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. त्याच पार्कमध्ये, त्याच दिवसापासून मिस्टर टोड या वात्रट बेडकाची राईड आहे, आणि तिचा शेवट चक्क नरकात होतो. लाल उजेड, शिंगवाले चिमुकले सैतान, अंगाला लागणारी ऊब, सगळं काही. ती राईड आजही चालू आहे आणि मुलं तिच्यातून हसत बाहेर पडतात. टोडच्या गाडीत बसलेलं मूल पहिल्या क्षणापासून वात्रटपणात सामील असतं. नरक हा त्या वात्रटपणाचाच शेवट असतो. स्नो व्हाइटच्या गाडीत मात्र मूल फक्त शिकार होतं. त्याने करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

ही गोष्ट सर्वांत कठोरपणे सिद्ध झाली ती मॅजिक किंगडममधल्या एलियन एन्काउंटर या खेळात. 1994च्या अखेरीस त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आयस्नर यांना तो पुरेसा तीव्र वाटला नाही, म्हणून तो बंद करून पुन्हा घडवला गेला आणि जून 1995मध्ये खुला झाला. प्रेक्षक गोलाकार बसत. खांद्यावर आडवी दांडी येऊन बसे. मग मधल्या काचेच्या नळीतून परग्रहावरचा राक्षस सुटे आणि दिवे जात. त्यानंतर जे काही होई ते काळोखात आणि कानात होई: पाठीमागे पावलं, मानेवर उष्ण श्वास, अंगावर पडणारे कोमट थेंब. ध्वनी आणि स्पर्श यांच्या जोरावर असा थरार फार थोड्यांनी उभा केला असेल. मोठी माणसं आजही त्या खेळाची आठवण काढतात. पण तो मुलांच्या पार्कमध्ये होता, आणि मुलांना तिथून उठून जाता येत नव्हतं. बाहेर इशाऱ्याच्या पाट्या होत्या, तरी आतून किंकाळ्या आणि रडणं ऐकू येई. 2003मध्ये तो बंद झाला.

पुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. 2004मध्ये त्याच दालनात, त्याच खुर्च्यांवर, त्याच दांड्यांखाली स्टिच या लाडक्या निळ्या पात्राचा खेळ आला. राक्षसाच्या जागी खोडकर स्टिच आला, म्हणजे मुलं आता खूश होतील असा हिशेब होता. मुलं तरीही घाबरली, कारण काळोख आणि खांद्यावरची दांडी जागच्या जागी होती. मोठ्यांना तो खेळ पोरकट वाटला. 2018च्या सुरुवातीला तोही मिटला. खलनायक गोंडस केला म्हणजे भीती जाते, हा समज या एका उदाहरणाने कायमचा मोडायला हवा होता. मुलाला बांधून ठेवणारी खुर्ची तशीच राहिली, तर तिथे कोणतंही पात्र आणा, ते मुलाला छळणारंच ठरतं.

याच्या अगदी उलट उदाहरण पॅरिसजवळच्या डिस्नेलँडमध्ये एप्रिल 1992पासून आहे. झोपलेल्या राजकन्येच्या राजवाड्याच्या पोटात एक गुहा आहे. तिच्यात वीस मीटरहून लांब ड्रॅगन साखळदंडात पडलेला असतो. तो घोरतो, मग मान उचलतो, डोळे उघडतो, गुरगुरतो, नाकपुड्यांतून धूर सोडतो. गाडी नाही, दांडी नाही, उंचीची अट नाही. मूल आपल्या पायांनी आत जातं. दाराशीच थबकतं, आईच्या मागे लपतं, डोकावतं, पळून बाहेर येतं, पुन्हा आत शिरतं. ड्रॅगन जराही सौम्य केलेला नाही. त्याच्यापासून किती अंतरावर उभं राहायचं, हे मात्र मुलाने ठरवायचं असतं. मला तर खलनायकांच्या मुलुखाचा हा सर्वांत यशस्वी कोपरा वाटतो, आणि जगातल्या मोठमोठ्या राईडच्या याद्यांमध्ये त्याचं नाव सहसा नसतं, याचं वाईट वाटतं.

तोक्यो डिस्नेलँडने आणखी एक पाऊल पुढे टाकलं होतं. तिथल्या सिंड्रेलाच्या राजवाड्यात 1986 ते 2006 अशी वीस वर्षं एक रहस्ययात्रा चाले. वाटाड्या एका गटाला घेऊन आत जाई. भिंतीवरची नायकांची चित्रं पाहता पाहता खलनायकांची होत, मग गट तळघरात उतरे आणि शेवटी ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ चित्रपटातला शिंगवाला राजा समोर येई. त्या वेळी गटातल्या एकाच्या हाती तलवार दिली जाई. पुष्कळदा ते एखादं लहान मूल असे. तलवारीतून प्रकाश निघे, राजा नष्ट होई, आणि त्या मुलाच्या गळ्यात पदक पडे. गटातल्या बाकीच्यांनाही आपण जिंकलो असं वाटे. मुलाला भीतीवर मात करायची प्रत्यक्ष कृती दिली, की खलनायक कितीही मोठा करता येतो, हे इतक्या नेटकेपणाने दुसऱ्या कुठल्या पार्कने दाखवल्याचं मला माहीत नाही.

मुलांच्या भीतीचा अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकेतल्या संशोधक जोअ‍ॅन कँटर यांनी टीव्ही आणि चित्रपट पाहून मुलं कशाला घाबरतात हे अनेक वर्षं तपासलं. शाळेत जाण्याआधीच्या वयात मूल मुख्यतः दिसण्याला घाबरतं. सुळे, रंग, अचानक होणारा कायापालट त्याला पुरतो, मग ते पात्र मनाने चांगलं का असेना. वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर दिसण्याचा धाक ओसरतो आणि खरोखर घडू शकेल अशा संकटाची भीती वाढते. म्हणजे दाराशी उभा असलेला शिंगवाला पुतळा धाकट्याला जिथे अडवतो, तिथे थोरल्याला त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी भयगृहात जाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. तेव्हा दिसलं, की मजा भीतीच्या प्रमाणात सरळ वाढत जात नाही. फार कमी भीतीत मजा नाही, फार जास्त भीतीतही नाही, मधल्या एका टप्प्यावर ती सर्वांत जास्त असते. हा टप्पा प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे एकच तीव्रता ठरवून सगळ्यांना त्यातून नेणारी राईड बहुतेकांच्या बाबतीत चुकणारच. चालत जाण्याच्या जागा, थांबण्याचे कोनाडे, परतीच्या वाटा यांनी प्रत्येकाला आपला टप्पा शोधता येतो.

मोठ्यांना काय हवं असतं, हा प्रश्न आराखड्यांत अनेकदा दारू आणि वेग यांवर सोडवला जातो. पेयपान, उंचावरून पडणं, रात्रीचे कार्यक्रम. 1973 साली नॉट्स बेरी फार्मने हॅलोविनचे भयरात्रीचे कार्यक्रम सुरू केले, 1991मध्ये फ्लोरिडाच्या युनिव्हर्सलने तेच केलं. तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका, असं युनिव्हर्सल सरळ सांगतं. मोठ्यांसाठी वेळच वेगळी काढली, की पेच उरत नाही. पण तो सुटतही नाही, कारण कुटुंबाने एकत्र अनुभवण्यासारखं त्यात काही नसतं.

मोठ्यांना खलनायकात खरं तर माणूस पाहायचा असतो. तोक्यो डिस्नेसीमधल्या टॉवर ऑफ टेररमध्ये हे फार बारकाईने केलं आहे. 2006मध्ये उघडलेल्या या राईडसाठी कुठल्याही चित्रपटातलं पात्र घेतलं नाही. हॅरिसन हायटॉवर नावाचा न्यूयॉर्कचा एक गर्विष्ठ धनाढ्य उभा केला, जगभरातून देवळातल्या मूर्ती आणि खजिने लुबाडून आपलं हॉटेल भरणारा. 1899च्या वर्षअखेरीच्या रात्री आफ्रिकेतून आणलेली शिरिकी उतुंदू ही मूर्ती त्याला गिळून टाकते. रांगेतल्या भिंतींवरची चित्रं त्याने स्वतःच्या गौरवासाठी काढून घेतल्यासारखी आहेत. त्यांत तो लूट घेऊन पळतो आहे आणि गावकरी मागे लागले आहेत. वसाहतींच्या काळातल्या संग्रहालयांचा इतिहास जाणणारा माणूस रांगेतच गोष्ट पूर्ण वाचतो. लहान मुलाला डोळे चमकवणारी मूर्ती आणि खाली पडणारा पाळणा पुरतो. एकाच इमारतीत दोन वयांसाठी दोन खलनायक आहेत. आपल्याकडे, जिथून मूर्ती आणि हिरे नेले गेले, तिथल्या वाचकाला यातला नेम नेमका लागतो.

दोन वयांना जोडणारा दुसरा पूल म्हणजे विनोद. डिस्नेलँडमधल्या 1969च्या हाँटेड मॅन्शन या भुतांच्या राईडवरून दोन कलावंतांचा वाद होता. क्लॉड कोट्स यांना गूढ आणि भीतिदायक वातावरण हवं होतं, मार्क डेव्हिस यांना विनोदी भुतं. शेवटी पूर्वार्ध बराचसा कोट्स यांच्या वळणाचा झाला आणि उत्तरार्धात डेव्हिस यांची नाचणारी, पिणारी, गाणारी भुतं आली. ही तडजोड म्हणून हिणवली गेली आहे. मला ती या विषयातली सर्वांत शहाणी रचना वाटते. आधी ताण, मग हसू, या क्रमाने मूल बाहेर पडतं तेव्हा शेवटची आठवण हसण्याची असते. क्रम उलटा केला असता तर ती राईड इतकी टिकली नसती.

जिवंत नटांचाही इथे मोठा वाटा आहे. मॅजिक किंगडममध्ये 2012पासून ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधल्या गॅस्टनची खानावळ आहे. बाहेर भेटणारा गॅस्टन मुलांशी पैज लावतो, बापांच्या दंडांची चेष्टा करतो, स्वतःचं कौतुक थांबवत नाही. मूल त्याला हरवल्याचा आनंद घेतं आणि आईवडील त्या तोंडाळपणावर खूश होतात. एकही यंत्र न लावता दोन्ही वयं सांभाळणारा हा खलनायक आहे, आणि त्याच्यावर होणारा खर्च एका नटाच्या पगाराचा. नट चांगला मात्र हवा. समोरचं मूल खरंच भ्यालं आहे की भ्याल्याचं सोंग करतं आहे, हे त्याला दोन क्षणांत कळायला हवं. ही तालीम आराखड्याच्या नकाशात कधीच दिसत नाही.

आता जागेकडे येऊ. उन्हाच्या प्रदेशात अंधाराचा मुलूख उभा करणं सोपं नाही. फ्लोरिडात दुपारी बारा वाजता कोणताही काळा बुरूज रंगवलेल्या सिमेंटसारखा दिसतो. युनिव्हर्सलने 2014मध्ये हॅरी पॉटरच्या जगातली डायगन अ‍ॅली उघडली, तेव्हा काळ्या जादूची नॉकटर्न अ‍ॅली छताखाली घेतली. वर रात्रीचं आभाळ, आत गारवा, बोर्जिन आणि बर्क्सचं दुकान, भिंतीवर हलणाऱ्या आकृत्या. मुख्य रस्त्यावरून ती सहज लक्षात येत नाही, मुद्दाम वळावं लागतं. वळण हीच परवानगी. ज्याला नको तो उजेडातल्या रस्त्याने आइसक्रीम खात पुढे जातो, आणि त्याचं काही चुकत नाही.

मे 2025मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या पार्कमध्ये युनिव्हर्सलने संपूर्ण विभागच राक्षसांना दिला. डार्कमूर नावाचं गाव, फ्रँकेन्स्टाइनच्या वंशजाचा वाडा, ड्रॅक्युला, लांडगामाणूस. ठरावीक वेळाने पात्यांना आग लागणारी पवनचक्की असलेली खानावळ पाहून 1931चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथला शेवट आठवतो. मोठ्यांसाठी हे काम अव्वल आहे. मुलांचा हिशेब मात्र तोकडा. एका राईडला 122 सेंटिमीटर उंची लागते, दुसरीला 102. त्याहून लहान मुलाला बसण्यासारखी एकही राईड नाही. तिथे चेहऱ्यावर राक्षसाचा मेकअप करून देण्याची सोय आहे, आणि लहानांसाठी तीच सर्वांत मोलाची. ज्याची भीती वाटते त्याचंच रूप घेतल्यावर मुलाची चालच बदलते.

भव्य यंत्रांवर सगळा भार टाकण्यात धोका असतो, हेही नोंदवायला हवं. डिस्नेलँडच्या ‘फँटॅस्मिक’ या रात्रीच्या खेळात चेटकीण मॅलेफिसंट सुमारे 14 मीटर उंचीचा ड्रॅगन होई आणि मिकी त्याला हरवी. एप्रिल 2023मध्ये प्रयोग चालू असताना त्या ड्रॅगनने पेट घेतला. वर्षभराने खेळ परत आला तो ड्रॅगनशिवाय. मिकी अजून जिंकतो, पण ज्याला हरवायचं त्याचा आकार गेल्यामुळे विजयही छोटा झाला.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. गेली दहा-बारा वर्षं खलनायकाला समजून घेण्याची लाट आहे. 2014चा ‘मॅलेफिसंट’, 2021चा ‘क्रुएला’ यांनी दुष्टपणामागची जखम दाखवली. मे 2025मध्ये डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओजमध्ये सुरू झालेल्या खेळात तर कॅप्टन हूक, क्रुएला आणि मॅलेफिसंट आपल्यावर कसा अन्याय झाला हेच प्रेक्षकांना पटवतात. मोठ्यांसाठी हे रंजक आहे, आणि त्यात माणसाविषयीची समजही आहे. लहान मुलाला मात्र वाईट हे वाईटच दिसावं लागतं. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1976च्या आपल्या परीकथांवरच्या पुस्तकात हेच मांडलं होतं: गोष्टीतली चेटकीण मुलाच्या मनातल्या बिननावाच्या भीतीला चेहरा देते, आणि ती हरते तेव्हा मूल सुटतं. त्यांच्या पुष्कळ निष्कर्षांवर पुढे टीका झाली, पण एवढं म्हणणं प्रत्येक आईबापाने घरात अनुभवलेलं असतं. सगळेच खलनायक बिचारे ठरले आणि दुकानात त्यांच्या मऊ बाहुल्याच उरल्या, तर मुलाने हरवायचं कुणाला?

हे संतुलन आपल्या लोकरंगभूमीने फार पूर्वी साधलं आहे. दशावतारातला संकासुर काळ्या वेषात, लोंबत्या लाल जिभेने येतो आणि मालवणीत असा काही बोलतो की मोठ्यांचं पोट दुखेपर्यंत हसणं होतं. पुढच्या रांगेतली पोरं दचकतात आणि तरी उठत नाहीत. वेद चोरणारा तो राक्षस आहे, हे कुणी विसरत नाही. विष्णूच्या हातून तो मरतोच. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकाचौकांत नरकासुर उभे राहतात. मोठी मुलं अनेक दिवस खपून ते बांधतात, धाकटी आपल्या गल्लीत छोटासा बांधतात, आणि पहाटे सगळे जाळले जातात. राक्षस स्वतःच्या हातांनी घडवायचा आणि स्वतःच्या हातांनी संपवायचा, यापेक्षा भीतीची दोरी मुलाच्या हातात देणारी रचना शोधून सापडणार नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली, 2018च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी. चेटकीण बोलते तेव्हा नाट्यगृहातली मुलं जागेवरून ओरडून तिला उत्तरं देतात, पात्रांना सावध करतात, आणि शेजारी आजीआजोबा मनापासून दाद देत असतात.

खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये 2013पासून ‘मिस्टर इंडिया’वरची राईड आहे, अलिबाबाच्या चोरांवर नेम धरण्याची राईड आहे, सलीमगढ हे भुतांचं तळघर आहे. यातली नेमबाजीची राईड मला सर्वांत योग्य वाटते, कारण मुलाच्या हातात काही तरी आहे. एखाद्या मराठी उद्योजकाने पुढे संकासुर किंवा चिंचीसाठी जागा बांधायचं मनावर घेतलं, तर परदेशी आराखड्यांची नक्कल करण्याआधी एक दशावतारी रात्र आणि एक बालनाट्याचा प्रयोग पूर्ण पाहावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

फ्लोरिडातला विभाग उघडेल तेव्हा चर्चा त्या दोन मोठ्या राईडचीच होईल. मी मात्र आधी इतर गोष्टी तपासेन. शंभर सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला पायी शिरता येईल अशी एक तरी गुहा आहे का, आणि तिच्यातून मध्येच बाहेर पडण्याची वाट रांगेला न अडवता काढली आहे का. आत काय आहे हे बाहेरून थोडं तरी दिसतं आणि ऐकू येतं का, म्हणजे मुलाला आणि पालकांना आधी अंदाज घेता येईल. भ्यालेल्या मुलाला घेऊन बसायला उजेडाची, शांत जागा जवळ आहे का. खलनायकांशी बोलताना त्यांना उत्तर देण्याची, त्यांची फजिती करण्याची संधी मुलांना मिळते का. आणि दिवसातून एकदा तरी, कुठल्या तरी चौकात, सगळ्यांच्या देखत एखादं लहान मूल त्यांतल्या एखाद्या बड्या खलनायकाला हरवतं का.